एक तार पुरते तिथं दोन

पिंप्राळ्यात कौतिकच्या दुकानाला पाटी नाही. लागतही नाही. बँडवाल्याचा बेंजो मुका झाला, ऑर्केस्ट्रातली गिटार कुरकुरायला लागली, की माणसं विचारत विचारत बरोबर त्याच्या दारात येतात. 'नाना, जरा बघता का?' म्हणतात. नाना बघतो. एरवी बोलणं कमी. पन्नाशी उलटलेला, अंगाने काटक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. जगाच्या तारा जोडतो आणि स्वतःची काडी तशीच, असं त्याची मुलगी सारिका म्हणते. खोटं नाही ते.

दुकान वडलांचं, अभिमन आबांचं. आबांचा मूळ धंदा सायकलींचा, रेडिओ हा हौसेचा. त्यामुळे या घरात एक चाल पडली, जी कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही. तार उघडी राहू नये म्हणून लोक प्लास्टिकची नळी घालतात. आबा सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा बारीक तुकडा घालत. तार पत्र्याच्या बारीक कानात ओवायची, दोन वेढे द्यायचे, शेपूट मागं दुमडायचं. कथलाचा डाग द्यायचा तो त्यानंतर, आणि शेवटी वर व्हॉल्व्हट्यूब सरकवायची. 'डाग द्यायच्या आधी तारेनं स्वतःच्या बळावर धरलं पाहिजे,' हे आबांचं म्हणणं. ते दोघांनाच शिकवलं. एक कौतिक आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ नवल.

नवल बोलका, उडता, गळ्यात गिटार अडकवून हिंडणारा. दिवसा भावाच्या शेजारी बसून दुरुस्ती करायचा आणि लग्नसराईत दीपकच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याची एक खोड होती. कुठलंही वाद्य चालू केलं की आधी स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यावर वाजवायचा. टक टक. मग क्षणभर थांबायचा, जणू आतून कोणी 'ओ' देणार आहे. मग पुन्हा एकदा, टक. मंचावर हा आवाज आला की दीपक माईक हातात घ्यायचा. सुरू करायची खूणच होती ती.

आणि मग पारोळ्याजवळच्या एका गावातलं ते लग्न. दुपारची वेळ, हळदीचा कार्यक्रम, वीज जनरेटरची. गिटारीतून सारखी गुणगुण येत होती. लोक हसायला लागले. नवलने ती बंद करायला एक वेडेपणा केला, जो मांडवामांडवांतून पुष्कळ जण करतात आणि देवाच्या कृपेने निभावतात. त्याने अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची तार काढून ठेवली. गुणगुण थांबली. गाणं रंगलं. गाणं संपताना दीपक नेहमीच्या थट्टेने, एका हातात माईक धरून, दुसरा पंजा नवलच्या तारांवर ठेवायचा, आवाज बंद करायला. त्याही दिवशी ठेवला. पंजा तारांना चिकटला, एका हातातून दुसऱ्या हाताकडे करंट धावला आणि दीपक झाडासारखा आडवा झाला. मांडवातून ओरडा उठला, 'गेला! गेला!'

नवलने तेवढंच ऐकलं आणि पळाला.

दीपक गेला नव्हता. टेम्पोत घालून त्याला पारोळ्याला नेलं, तर वाटेतच त्याने डोळे उघडले. पण ते नवलला सांगणार कोण? त्याची मोटरसायकल चोपड्याकडच्या तापीच्या पुलावर सापडली. कठड्याला लावलेली, किल्ली तशीच, खाली चपला ठेवलेल्या. नदीला बरंच पाणी होतं. भोई उतरले, जाळी फिरवली, काही हाती लागलं नाही. तापी नेते ते परत देतेच असं नाही, असं म्हणून माणसं घरी गेली.

दीपकने त्यानंतर माईक हातात धरला नाही. रावेरला केळीच्या वखारीत कामाला लागला, तो तिथलाच झाला. आणि कौतिकने नवलचा अ‍ॅम्प्लिफायर वरच्या फळीवर ठेवला, भिंतीकडे तोंड करून. विकला नाही, उघडला नाही.

खरं सांगायचं तर कौतिकचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. ज्याने जन्मभर 'आपोआप वाजतो' म्हणून आणलेले स्पीकर उघडून त्यातली झुरळं काढली, तो कशाला ठेवेल? पण उन्हाळ्याच्या दुपारी दुकानात कोणी नसलं, की त्याला कधीकधी ते ऐकू यायचं. टक टक. पत्रा तापला की वाजतोच, तो स्वतःला समजवायचा. पण मग मधली ती उसंत. आणि पुन्हा एकदा, टक. पत्रा काही उसंत घेऊन वाजत नाही. कौतिकच्या हातातली डाग द्यायची कावी तशीच धूर सोडत राहायची आणि अंगावर भर उन्हाळ्यात काटा यायचा. हे त्याने घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई त्याच खुर्चीत येऊन बसली असती, ऐकायला.

आईचं नाव कमलबाई. नवलच्या बाबतीत ती पहिल्या दिवसापासून अडून बसली होती. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. लाल मातीची घागर, धान्याच्या राशीवर ठेवलेली, तोंडावर छोटं भांडं, त्यावर खरबूज, सांजोरी. गेलेला जीव त्या दिवशी तहानलेला येतो आणि पिऊन जातो. कमलबाईच्या घरात दर आखाजीला एकच घागर भरायची, आबांची. भाऊबंद म्हणत, नवलचीही भरा. ती म्हणे, "मना आंडोर मरना नही. जित्ता माणूसनी घागर भरतस का?"

पोरगा मेलाच नाही, असं तिचं म्हणणं; आणि जिवंत माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला आपल्या हाताने मारणं.

पण यंदा गोष्ट सारिकाच्या लग्नावर आली. दोनदा जमत आलेलं मोडलं. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा भाऊबंदांतल्या जाणत्यांनी कौतिकला बाजूला घेतलं. तहानलेला जीव दारात उभा आहे, म्हणाले, त्याला पाणी दिल्याशिवाय या घरातलं कार्य पार पडायचं नाही. कौतिकने ते आईच्या कानावर घातलं नाही, पण अशा गोष्टी भिंतींतून झिरपतात. एका सकाळी कमलबाई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "भर रे बापू यंदा. आंडेरनं लगन मनामुये अडाले नको." आणि पुन्हा चुलीपुढे बसली.

कौतिकने कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. दुसरी नवलची. इतकी वर्षं आई वेडी आहे असं तो मनात म्हणत होता. आता कळलं की आईच्या त्या वेडाच्या आडोशाला तोही उभा होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी पलक आली. दाणाबाजारातल्या लखीचंद शेठची नात. धुळ्याला शिकून नुकतीच घरी परतलेली, पाठीवर काळ्या पिशवीत इलेक्ट्रिक गिटार.

"नाना, आवाज मध्येच जातो. वायर हलवली की येतो. आणि गुणगुण तर इतकी, की आजोबा म्हणतात माशा पाळल्यास का?"

कौतिक हसला. हा रोग त्याच्या रोजच्या ओळखीचा. जिथे वायर खुपसतात त्या जॅकचा नट सैल होतो, जॅक गरगर फिरतो आणि आतली तार पिळवटून तुटते. त्याने मागचं झाकण उघडलं. तार तुटलेली होतीच. पण त्याची नजर तिथे थांबली नाही. ती आणखी आत गेली आणि तिथेच खिळली.

आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली एक डाग होता. तार कानात ओवलेली. दोन वेढे. शेपूट मागं दुमडलेलं. वर काळ्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा.

कौतिकला आधी वाटलं, ही गिटार आपणच कधी तरी दुरुस्त केली असावी आणि विसरलो असू. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नाही. आपला हात हा नाही. आपण शेपूट डावीकडे दुमडतो. हे उजवीकडे होतं. आबा धाकट्या पोराच्या डोक्यात टपली मारून मारून थकले, पण त्याने शेपूट उजवीकडेच दुमडलं.

"ही केव्हाची गिटार?" त्याने विचारलं.

"कॉलेजला गेले तेव्हा घेतली. नवीच."

म्हणजे नवल गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आणि अजून एक गोष्ट होती. तारांच्या पट्टीपासून अर्थिंगला एक तार जाते. सगळ्या गिटारींत एकच असते, एक पुरते. इथे दोन होत्या. पहिलीच्या शेजारून दुसरी, तितकीच जाड, तितक्याच काळजीने डाग दिलेली. तिचा काडीचा उपयोग नव्हता. कुठलाही शहाणा मेकॅनिक ती घालणार नाही. भ्यालेला घालेल. ज्याने एकदा अर्थिंगची तार काढून माणूस पडताना पाहिला, तो घालेल.

"आधी कोणी उघडली होती?"

"धुळ्यात देवपूरला छगनभाऊंचं दुकान आहे, कूलर-पंख्यांचं. तिथे पडद्यामागे एक काका बसतात. विचित्र आहेत थोडे." पलक सांगत होती. "बाहेर येतच नाहीत. मला म्हणाले, पायात चप्पल घालून वाजवत जा. आणि गिटार हातात असताना माईकला हात लावायचा नाही, कोणाला आपल्या तारांना हात लावू द्यायचा नाही. दोनदा शपथ घ्यायला लावली. आणि दुरुस्त झाल्यावर असं केलं." तिने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि गिटारीवर हलकेच वाजवला. टक टक. थांबली. टक.

कौतिक खुर्चीत बसला.

त्याने पलकचा जॅक बसवला, नट घट्ट केला, तुटलेली तार जोडली. ती दुसरी तार तोडली नाही. पोर खूश होऊन गेली. मग तो अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिला. आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. भीती वाटली, उघडी-नागडी भीती. मेलेल्या माणसाचा हात सापडला तर माणूस धावत सुटत नाही, आधी मागं सरकतो. समजा नवल त्या पडद्यामागे नसला. समजा त्याने शिकवलेला भलताच कोणी असला. तर आईला काय सांगायचं? एकदा बुडालेल्या भावाला पुन्हा बुडवायची ताकद त्याच्यात नव्हती. म्हणून तो घरी काहीच बोलला नाही.

सकाळी घरात सांजोऱ्यांचा वास होता. दोन लाल घागरी भिंतीशी मांडलेल्या, अजून कोरड्या. कौतिकने पायात चपला घातल्या.

"कोठे जास सनना दिन?" कमलबाईने विचारलं.

"धुये. काम शे." तो उंबऱ्यात थांबला. "माय, आबानी घागर भरी ले. दुसरी मी येस तोपावत भरू नको."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दुसरी घागर उचलून तिने ती फडताळात उलटी ठेवली आणि पीठ मळायला लागली.

एसटीत सगळ्या माहेरवाशिणी, पोरं, पिशव्या. कोणी गौराईची गाणी म्हणत होतं. पारोळा आलं तसं कौतिकने खिडकीकडे पाठ केली. त्या लग्नाच्या गावाचा फाटा त्याने आजवर कधी डोळे उघडे ठेवून ओलांडला नव्हता. धुळ्याला उतरला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं.

छगनचं दुकान अर्ध्या शटरने उघडं होतं. छगन लठ्ठ, घामेजलेला, कूलरच्या जाळ्यांच्या ढिगात बसलेला. "सण आमचा, कूलरचा थोडाच?" म्हणाला. "काय आणलंय?"

कौतिक काय आणलंय ते सांगणार, तेवढ्यात मागच्या पडद्याआडून आवाज आला. टक टक.

कौतिक थांबला. रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचा आवाज विरला.

टक.

त्याने छगनला हाताने बाजूला सारलं आणि पडदा उघडला.

आत छोटी खोली, खाट, दोरीवर दोन सदरे. जमिनीवर मिक्सर उघडून एक माणूस बसलेला. केस पांढरे झालेले, गाल आत गेलेले, आबांसारखा दिसणारा. त्याने वर पाहिलं. दचकला नाही. फार दिवस वाट पाहिलेला निरोप आल्यासारखं तोंड केलं, आणि विचारलं, "माय गई का?"

एवढ्या वर्षांनी भाऊ दारात उभा, आणि याला वाटतं की मरणाशिवाय त्याला आपल्याकडे यायला कारणच नसणार. कौतिकला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"माय जित्ती शे. तूच मरेल शेस. घर आज तुनी घागर भरतस."

नवलने मान खाली घातली. कौतिक पुढे झाला, त्याला उठवायला, की मारायला, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आणि मग कोपऱ्यातली ती वस्तू दिसली. गव्हाच्या राशीवर लाल घागर. भरलेली, अंगावर पाण्याचा घाम आलेली. वर छोटं भांडं, खरबूज, एक सांजोरी.

"ही कोनी घागर? आबानी?"

"नही." नवल म्हणाला. "दीपकनी. मनामुयेच मरना ना तो. दरसाल भरस मी. दुसरं काय देऊ त्याले?"

कौतिकला क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं, आणि तो खाटेवर बसला आणि हसायला लागला. ते हसणं चांगलं नव्हतं. छगन पडद्यातून डोकावून घाबरून परत गेला. इतकी वर्षं हा माणूस दोन तासांच्या अंतरावर, पडद्यामागे बसून, एका जिवंत माणसाला पाणी पाजत होता. आणि आज तिकडे घरी याच्यासाठी घागर आणलेली.

"येडा," कौतिक म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दीपक रावेरले केया भरी ऱ्हायना ट्रकमा. दोन पोरे शेतस त्याले."

नवलने ऐकलं. पण पटलं नाही. त्याच्या डोळ्यांत एक जुनाट शंका होती, की मोठा भाऊ आपली समजूत घालायला खोटं बोलतो आहे, लहानपणी बोलायचा तसं. बोलून काही होणार नव्हतं. कौतिकने मोबाईल काढला, दीपकचा नंबर लावला, स्पीकर सुरू करून फोन खाटेवर ठेवला.

"हा नाना, बोला!" मागे ट्रकचा भोंगा, कोणी कोणाला शिव्या देत होतं. "आखाजी करी का? आवाज ई ऱ्हायना का मना?"

नवल भिंतीला टेकला. मग हळूहळू सरकत फोनपासून दूर, कोपऱ्यात गेला, घागरीजवळ. तो तिच्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने पाहत होता. मेलेला माणूस बोलतो म्हणजे काय, हे कौतिकला कालच कळलं होतं. म्हणून त्याने घाई केली नाही.

"नाना? ओ नाना?"

नवलने जमिनीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. आधी तो हातातून घसरला. मग त्याने मूठ खाटेच्या लोखंडी पायावर वाजवली.

टक टक.

थांबला.

टक.

फोनमधला ट्रकचा आवाज तसाच चालू होता. शिव्या देणारा शिव्या देत होता. फक्त दीपक गप्प झाला. मग त्याचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा.

"नवल?"

नवल खाली बसला आणि फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून रडायला लागला. 'दीपक, दीपक' एवढंच म्हणत होता. तिकडून दीपकही काहीबाही बोलत होता, शिव्या देत होता, रडत होता. कौतिक उठून बाहेर गेला. छगनने न विचारता त्याला पाणी दिलं.

बऱ्याच वेळाने नवलने फोन आणून त्याच्या हातात ठेवला. कौतिकने घरचा नंबर लावला. सारिकाने उचलला. "आजीला दे," तो म्हणाला.

"माय," तो म्हणाला आणि पुढचं ठरवलेलं सगळं विसरला. "ती उलटी ठेयेल घागर काढ. तिनामा पेवानं पानी भर, गार. आम्ही दोन्ही भाऊ ई ऱ्हायनूत."

सारिकाने आजीला धरलं असावं, बांगड्यांचा आवाज आला. कौतिक घाबरला. म्हातारीला हे असं एकदम सांगायला नको होतं, त्याला वाटलं.

मग कमलबाई बोलली. मुलगा काल संध्याकाळी शेतावरून उशिरा आला असावा, तसं.

"जेवना का तो?"

कौतिकने नवलकडे पाहिलं. नवल पडदा हातात धरून उभा होता, बाहेरच्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघत.

"नही," कौतिक म्हणाला.